टोकियो, पुणे, अकोळनेर

१९४० साली प्रभातचा 'संत ज्ञानेश्वर' लागला, तेव्हा ज्ञानेश्वर झाला होता नगरचा एक तरुण. त्याचे नाव शाहू मोडक. जन्म १९१८चा, घर मराठी ख्रिस्ती, आणि पडद्यावर मात्र बहुतेकदा कृष्ण नाहीतर संत. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव नगर जिल्ह्यातले, ज्ञानेश्वर साकारणारा नटही नगरचा. पण चित्रपट घडला पुण्यात, प्रभातच्या आवारात. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शक जोडीतले फत्तेलाल मुळात चित्रकार आणि कलादिग्दर्शक. तेरावे शतक प्लायवूड आणि रंगांतून उभे करण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. कॅमेरा घेऊन प्रवरेच्या काठी जावे, तिथली माणसे तिथल्याच उन्हात उभी करावीत, असे त्या काळात फारसे कुणाला वाटत नव्हते.

नगर जिल्ह्यातले गाव आपल्या नावागावासकट, शिव्याशापांसकट आणि जातीच्या उतरंडीसकट पडद्यावर यायला पुढची सत्तरेक वर्षे लागली. त्या सत्तर वर्षांत मराठी समाज बदलला, साहित्य बदलले आणि सिनेमा शिकण्या-शिकवण्याची रीतही बदलली. या शेवटच्या बदलाचा एक धागा जपानपर्यंत जातो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

सिनेमा भारतात आणि जपानात जवळपास एकाच वेळी उतरला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला ७ जुलै १८९६ रोजी. ओसाकात त्यांचे यंत्र पोहोचले १८९७च्या फेब्रुवारीत. पुढे मात्र जपानी सिनेमाने एक वेगळेच वळण घेतले. मूकपटाच्या पडद्याशेजारी तिथे 'बेन्शी' उभा राहू लागला. तो गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, मध्येच टिप्पणी करायचा. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावतो आणि लोक आख्यानाइतकेच बुवांसाठी येतात, तसे जपानी प्रेक्षक चित्रपटापेक्षा बेन्शीचे नाव वाचून तिकीट काढत. १९२७च्या सुमारास देशात परवानाधारक बेन्शींची संख्या ६,८००च्या वर होती. एवढ्या लोकांचे पोट ज्या मुक्या पडद्यावर चालत होते, तो बोलका व्हायला उशीर लागणारच. १९३१ साली पहिला यशस्वी जपानी बोलपट आला आणि बेन्शींचे दिवस भरले. त्यांनी संप केले, ते फसले. पुढे दिग्दर्शक झालेल्या अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ हेगो हा असाच एक नावाजलेला बेन्शी. १९३३ साली त्याने आत्महत्या केली. सिनेमाची गोडी आपल्याला याच भावाने लावली, हे कुरोसावाने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

दुसरे वळण भूकंपाने दिले. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले. स्टुडिओ कोसळले, बऱ्याच कंपन्यांनी बस्तान क्योटोला हलवले. त्यातून एक वाटणी पक्की झाली. तलवारबाजीचे ऐतिहासिक चित्रपट क्योटोत, कारण जुनी देवळे, जुने वाडे तिथेच. आणि आजच्या माणसांचे चित्रपट टोकियोत. टोकियोच्या कामाता भागात शोचिकू कंपनीचा स्टुडिओ होता. तिथले प्रमुख शिरो किदो यांचा आग्रह असा, की चित्रपट पगारदार माणसाचा हवा, त्यात त्याच्या घरातले हसू आणि चिंता दोन्ही हवीत. दिग्दर्शक यासुजिरो ओझू इथेच घडला.

ओझूचा १९३२चा एक मूकपट आहे. मराठीत त्याचे नाव 'जन्माला तर आलो, पण...' असे काहीसे होईल. बाप नोकरीत चढण्यासाठी साहेबाच्या घराजवळ बिऱ्हाड हलवतो. दोन्ही पोरे नव्या वस्तीतल्या मुलांशी मारामाऱ्या करून दादागिरी मिळवतात. एके दिवशी साहेबाच्या घरी हौशी फिल्म दाखवली जाते आणि तिच्यात त्यांचा बाप साहेबाला हसवण्यासाठी वेडेवाकडे चाळे करताना दिसतो. पोरांचे जग तिथेच कोसळते. घरी येऊन ती बापाला विचारतात, तू त्याच्यापुढे का वाकतोस? आणि जेवायचे सोडतात. एका उपनगराची, विजेच्या खांबांची आणि रेल्वेच्या फाटकाची ही गोष्ट. पण तिच्यात एका समाजाची सगळी उतरंड मावली आहे. माझ्या मते जपानी सिनेमाची खरी ताकद इथे आहे, तलवारीत नाही.

युद्धाने या सगळ्याला वेसण घातली. १९३९च्या चित्रपट कायद्याने सरकार पटकथा आधी तपासू लागले. ओझूला सैन्यात भरती करून चीनला पाठवले गेले. १९४५ साली जपान शरण गेला आणि तपासनीस बदलले, तपासणी राहिली. अमेरिकी प्रशासनाने नोव्हेंबर १९४५ मध्ये तेरा निषिद्ध विषयांची यादी काढली. सूड, सरंजामी निष्ठा, राष्ट्रवाद, आत्महत्येचा गौरव हे सगळे बाद. आधीच्या चित्रपटांपैकी २३६ आक्षेपार्ह ठरले आणि त्यांच्या प्रती मोठ्या प्रमाणावर जाळल्या गेल्या. तलवारीचे चित्रपट जवळजवळ बंद पडले. फुजी पर्वत दाखवायलाही हरकत घेतली जाई, कारण तो राष्ट्रवादाचे प्रतीक. आणि रस्त्यावर सर्रास फिरणारे अमेरिकी शिपाई मात्र पडद्यावर दिसता कामा नयेत! म्हणजे जो देश होता तो दाखवायचा नाही आणि जो झाला तोही नाही. लोकशाही शिकवायला आलेल्यांनी संघटनांना आधी उत्तेजन दिले. पण १९४८च्या ऑगस्टमध्ये तोहो स्टुडिओतला संप मोडायला जपानी पोलिसांच्या मागे अमेरिकी रणगाडे आणि विमाने आली. फक्त युद्धनौका तेवढी आली नाही, अशी म्हणच त्यावरून पडली.

या वातावरणात १९५० साली कुरोसावाने 'राशोमोन' केला. जंगलात एक खून आणि एक बलात्कार झाला आहे. दरोडेखोर, बायको, मेलेला नवरा (त्याचा आत्मा अंगात आलेल्या बाईच्या तोंडून) आणि लाकूडतोड्या असे चौघे चार हकिकती सांगतात. चौघांच्या गोष्टी जुळत नाहीत आणि प्रत्येक जण आपली अब्रू सांभाळतो. मोडक्या महाद्वाराचा प्रचंड सेट बांधला होता. त्यावर बंबांनी पाऊस पाडला, पण करड्या आभाळापुढे पाण्याच्या धारा कॅमेऱ्यात उमटेनात, म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली. काझुओ मियागावा या छायाचित्रकाराने जंगलात आरशांनी ऊन फिरवले आणि तोवर सगळे टाळत ते केले, कॅमेरा थेट सूर्याकडे वळवला.

'राशोमोन' काढणाऱ्या दाइएई कंपनीचे प्रमुख मासाइची नागाता यांना चित्रपट कळलाच नाही. व्हेनिसच्या महोत्सवाला तो पाठवावा हे सुचले जुलियाना स्त्रामिजोली या जपानात राहणाऱ्या इटालियन बाईंना. १९५१च्या सप्टेंबरात त्याला सुवर्णसिंह मिळाला. कुरोसावाचे आधीचे काम आपटले होते, हातात नवे नव्हते. तो नदीवर मासे धरायला गेला होता; गळाची दोरी तुटली म्हणून घरी परतला तर बायकोने दारातच अभिनंदन केले. चित्रपट स्पर्धेत होता हेच त्याला ठाऊक नव्हते. पुढे नागातांनी सगळे श्रेय स्वतःकडे घेतले. हे ऐकून आपल्याला 'राशोमोन'चीच आठवण झाली, असे कुरोसावा आत्मचरित्रात म्हणतो.

पुढची तीन वर्षे जपानी सिनेमाच्या इतिहासात पुन्हा आली नाहीत. १९५३ साली ओझूचा 'टोकियो स्टोरी' आणि मिझोगुचीचा 'उगेत्सु', १९५४ साली 'सेव्हन समुराई' आणि अणुचाचण्यांच्या भीतीतून जन्मलेला 'गॉडझिला'.

यातल्या दोन चित्रपटांपाशी थांबायला हवे. 'टोकियो स्टोरी'तले म्हातारे जोडपे समुद्रकाठच्या ओनोमिची गावातून मुलांना भेटायला आगगाडीने टोकियोला येते. मुलगा डॉक्टर, पण गल्लीतला. मुलगी ब्युटी पार्लर चालवते. दोघांना वेळ नाही. आईबापांना आतामीच्या स्वस्त हॉटेलात पाठवले जाते, तिथे रात्रभर सोंगट्यांच्या खेळाचा आणि गाण्यांचा गोंगाट. सकाळी दोघे समुद्राच्या बांधावर बसतात, घरी जाऊ या म्हणतात, आणि उठताना म्हातारीला क्षणभर भोवळ येते. ओझू कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खाली लावतो आणि हलवत नाही. वाईट वागणारे कुणीच नाही, सगळे फक्त कामात आहेत. पारनेर-श्रीगोंद्यातून पोरे चाकण-पिंपरीला गेलेल्या कुठल्याही घरात हा चित्रपट लावून पाहावा, प्रस्तावना लागणार नाही. गंमत म्हणजे जपानी कंपन्यांना वाटे, ओझू फारच जपानी आहे, बाहेरच्यांना तो कळणार नाही. त्यामुळे तो पश्चिमेत पोहोचला उशिरा.

'सेव्हन समुराई'ची नातवंडे मात्र आपल्या जत्रेतल्या तंबूपर्यंत पोहोचली. अमेरिकेत त्याचा 'मॅग्निफिसेंट सेव्हन' झाला, आणि त्याच कुळीतला 'शोले' १९७५ साली आला. पण वाटेत एक गोष्ट गळाली. कुरोसावाच्या गोष्टीत शेतकरी बिचारे नाहीत. ते धान्य लपवतात, दारू लपवतात, पळणाऱ्या जखमी समुराईंना मारून त्यांची चिलखते दडवून ठेवतात. ते उघडकीला आल्यावर किकुचियो, जो स्वतः शेतकऱ्याचा पोर आहे, समुराईंवर उसळतो: यांना असे कुणी केले? तुम्हीच. गावे जाळणारे, बायका पळवणारे तुम्ही. शेवटी चौघे समुराई मरतात, गाव भातलावणीची गाणी म्हणते आणि उरलेल्यांतला म्होरक्या म्हणतो, जिंकले ते शेतकरी. 'शोले'तल्या रामगढच्या वाट्याला हे आले नाही. तिथे गाव राहिले ते ठाकूर-गब्बरच्या भांडणाची पार्श्वभूमी म्हणून. दोन जातींच्या, दोन वर्गांच्या माणसांमधला जुना संशय, जो मूळ चित्रपटाचा कणा होता, तो हिंदी पडद्याने बाहेरच ठेवला.

१९५८ साली जपानात ११२ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. टेलिव्हिजन घरात आला आणि १९६३पर्यंत आकडा ५१ कोटींवर उतरला. त्याच वर्षी, साठाव्या वाढदिवशी, ओझू गेला. पुढच्या पिढीला त्याचे स्वच्छ दिवाणखाने नकोसे झाले होते. त्यांत शोहेई इमामुरा हा 'टोकियो स्टोरी'वर साहाय्यक होता. त्याला समाजाचा तळ दाखवायचा होता. १९६१च्या 'डुकरे आणि युद्धनौका' या चित्रपटात योकोसुकाच्या अमेरिकी नाविक तळाच्या खरकट्यावर डुकरे पाळणारे गुंड आहेत, आणि अखेरीस डुकरांचे कळप गल्लीत सुटून त्यांनाच तुडवतात. शिन्सुके ओगावा तर याहून पुढे गेला. नारिता विमानतळासाठी जमिनी देण्यास नकार देणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर तो १९६८पासून माहितीपट करत राहिला आणि नंतर आपली मंडळी घेऊन यामागाता प्रांतातल्या मागिनो गावात राहायलाच गेला. तिथे त्यांनी वर्षानुवर्षे भात पिकवला आणि मग त्या गावाची फिल्म केली.

हे सगळे भारतात पोहोचले सरकारी फायलींतून, हे ऐकायला रुक्ष वाटेल, पण खरे आहे. १९४९ साली केंद्राने कोकणातले स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. चित्रपट शिकवणारी संस्था हवी, ही तिच्या १९५१च्या अहवालातली एक शिफारस. पाठोपाठ २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि तो पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. इटालियन चित्रपटांनी तो गाजवला. जपानचा 'युकिवारिसो'ही त्यात होता. त्याच सुमारास 'राशोमोन' भारतात आला. सत्यजित राय यांनी तो कलकत्त्यात लागोपाठ तीन दिवस पाहिला.

दरम्यान प्रभात बंद पडली होती. १९६० साली तिच्याच आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पुढच्या वर्षी तिथे पी. के. नायर रुजू झाले. हा माणूस देशोदेशीच्या प्रतींच्या मागे अक्षरशः हात धुऊन लागे. विकत, देवघेवीत, जमेल तशा त्यांनी त्या मिळवल्या. आग्ऱ्याहून आलेले सतीश बहादूर चित्रपट एकेका दृश्याने उलगडून शिकवत, आणि १९६७पासून पुण्यात रसास्वाद वर्ग भरू लागले. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले. संग्रहालयाच्या १६ मिलिमीटरच्या प्रती फिल्म सोसायट्यांना मिळत. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांनी त्या गावकऱ्यांना दाखवल्या आणि सुपारीच्या बागांतल्या माणसांनी 'राशोमोन'वर चर्चा केली. महाराष्ट्रात मात्र ही चळवळ मुंबई-पुण्याच्या शनिवार-रविवारात अडकली. हेग्गोडूसारखा प्रयोग आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवा होता. नाही झाला. ज्या नगर जिल्ह्यात आशियातल्या आद्य सहकारी साखर कारखान्यांपैकी एक उभा राहिला, तिथे सहकारी फिल्म क्लब काढणे काही अवघड नव्हते.

ती उणीव पुढे कॉलेजांनी थोडीफार भरली. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुण्याला राहणे न परवडणाऱ्या मुलांच्या हाती कॅमेरा आला. करमाळ्याकडून आलेल्या नागराज मंजुळे यांनी विद्यार्थी असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा मान मिळाला. मग 'फँड्री' आला. त्यातले गाव अकोळनेर. नगर तालुक्यातले, रेल्वे स्टेशन असलेले, दासगणू महाराजांचे जन्मगाव.

'फँड्री'च्या नावातच डुक्कर आहे. जब्या या शाळकरी पोराच्या घरच्यांना गावातली डुकरे धरायचे काम सांगितले जाते, आणि शाळेतली मुले, ज्यांत त्याची आवडती मुलगीही आहे, ते तमाशासारखे पाहतात. डुक्कर आता हाती लागणार, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे त्याच डुकराला खांद्यावरच्या दांडीला बांधून ते नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाई रंगवलेले दिसतात. कॅमेरा काही बोलत नाही. इमामुराचे डुक्कर आणि मंजुळे यांचे डुक्कर यांत पन्नास वर्षांचे आणि दोन देशांचे अंतर आहे. पण जे दिसू नये म्हणून समाज धडपडतो तेच मधोमध आणायचे, ही खोड दोघांची एक.

श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचे भाऊराव कऱ्हाडे याच कॉलेजचे. त्यांनी जमीन विकून 'ख्वाडा' केला. मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट. आवाज नंतर स्टुडिओत भरला नाही, चित्रीकरणाच्या जागीच टिपला. त्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांना ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पारितोषिक मिळाले. माळावरचा वारा आणि मेंढरांचे आवाज ऐकताना प्रभातच्या प्लायवूडपासून आपण किती लांब आलो ते कळते.

यावरून कुणी म्हणेल, की नगरचा सिनेमा जपान्यांनी घडवला, तर ते साफ चूक. मंजुळे कवी आहेत, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा संग्रह. त्यांची नजर स्वतःच्या जगण्यातून आणि आंबेडकरी विचारातून आली. कऱ्हाडे यांची माळरानातून. जपानी सिनेमाने जगाला दिले ते एवढेच, की आपल्या गल्लीकडे पुरेशा हट्टाने पाहिले तर ते बाहेरच्यालाही कळते. हे सिद्ध झाल्यामुळे आपल्याकडे संस्था उभ्या राहिल्या, सिनेमा शिकण्याचा विषय झाला, आणि ती सोय उशिरा का होईना जिल्ह्याच्या गावात आली. नफ्याची बाजू ही. तोट्याची बाजू अशी, की जे पन्नासच्या दशकात मुंबईच्या प्रेक्षकाला मिळाले त्याची चव शेवगाव-जामखेडच्या पोरांना लागायला दोन पिढ्या गेल्या, आणि त्या दोन पिढ्यांतले किती जण न घडताच राहिले याचा हिशेब कुठे नाही.

२०२२ साली पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. चित्रपट आता मोबाइलवरही मिळतात, पण एकट्याने पाहून 'राशोमोन'वर भांडता येत नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे आणि तालुक्या-तालुक्यात कॉलेज आहे, प्रोजेक्टर आहे, सभागृह आहे. एका शनिवारी 'टोकियो स्टोरी' आणि पुढच्या शनिवारी 'फँड्री' लावावा, आणि दिवे लागल्यावर प्राध्यापकांनी अर्धा तास गप्प बसून मुलांना बोलू द्यावे.